फवारणी, कमी काउंट आणि अश्वगंधा-हळदीचा अर्क

तासगावच्या एका भाऊंनी विचारलंय, "द्राक्षबागेत औषधं मारतो, शुक्राणूंचा काउंट कमी आलाय. अश्वगंधा-हळदीच्या अर्कानं फवारणीचं नुकसान भरून निघेल का?" वाचून आमचेच दिवस आठवले. आमचीही बाग आहे, मिरज तालुक्यात. मी डॉक्टर नाही. भोगलं आणि नंतर वाचलं तेवढंच सांगतो.

सगळ्यात महाग पडलं ते एक उपचार केंद्र, नाव घेत नाही. बायकोच्या तपासण्यांवर तपासण्या झाल्या, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघणारी डाय टेस्टसुद्धा. ती वेदनेनं कळवळली. माझी वीर्यतपासणी सगळ्यात शेवटी! काउंट कमी दिसल्यावर बिनलेबलचा चूर्णाचा डबा हातात दिला. आत काय आहे विचारलं, तर "आमचा फॉर्म्युला". आणि काम काय करता, हे एकदाही कुणी विचारलं नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीनं सारखा ब्लोअरवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या फवारणी यंत्रावर, असणारा माणूस समोर बसलाय, तरी? आजही संताप येतो. 1977 मध्ये कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे कीटकनाशक बनवणाऱ्या कामगारांनी आपल्याला मुलं होत नाहीत हे स्वतःच ताडलं, तेव्हा कुठे तपासण्या झाल्या.

अर्क थोतांड नाहीत. कीटकनाशकं, शिसं, कॅडमियम यांनी ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणाऱ्या घटकांचा भार) वाढतो आणि शुक्राणूंचं नाजूक आवरण बिघडतं. विषासोबत अर्क दिलेल्या उंदरांत हे नुकसान कमी दिसलंय. पण उंदरांना सगळं मोजून दिलेलं असतं. माणसांवरच्या अश्वगंधेच्या चाचण्या लहान आहेत. उलट कडुनिंब आणि पपईच्या बियांच्या अर्कांनी प्राण्यांत प्रजननक्षमता घटलीय, म्हणजे झाडपाला सरसकट निर्धोक नाही. 2008 च्या एका अमेरिकन अभ्यासात इंटरनेटवरून घेतलेल्या 193 आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे 21 टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्यातलं शिसं तर शुक्राणूंनाच मारक! म्हणून बिनलेबलचं काहीही नको.

माझं मत ठाम आहे, आधी ब्लोअरवरून उतरा. दुसऱ्याला बसवणार असाल तर त्यालाही चांगला मास्क आणि हातमोजे द्या. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. मधल्या काळात युरोलॉजिस्टकडून व्हेरिकोसील (अंडकोषाच्या शिरा फुगणं) आहे का ते बघून घ्या, जाताना मारलेल्या औषधांची यादी न्या. थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल, तर अश्वगंधा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.