हत्तीपाय शिवल्यानं लागतो का?

हत्तीरोगाच्या रुग्णाकडे गेलं की हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक वेळा मी निघताना, दाराशी, हळू आवाजात. भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात तो सुनेनं विचारला. कडेवर वर्षाचं लेकरू होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

सासूचा डावा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. मी त्यांना मावशी म्हणते. रोवणीत, म्हणजे भातलावणीत, दिवसभर बांधीतल्या चिखलात उभं राहायचं, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या, मग हुडहुडी भरून ताप आणि पायाला असह्य ठणका. घरात त्यांचं ताट वेगळं, खाट ओसरीत. मावशींनाही ते पटलेलं होतं. म्हणाल्या, "नातवाले लागलं म्हंजे?"

हत्तीरोग शिवल्यानं लागत नाही, एका ताटात जेवल्यानंही नाही. तो पसरतो घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासामुळे. या रोगाचे जंतू माणसाच्या रक्तात रात्री फिरतात, म्हणून ते शोधायला रक्तही रात्री घेतात. पाय सुजून बरीच वर्षं झालेल्या अनेकांच्या रक्तात तर ते सापडतही नाहीत. जंतूंनी रसवाहिन्या, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, आधीच बिघडवलेल्या असतात. मावशींच्या रक्तातही काही सापडलं नाही. नातवाला जपायचं ते मच्छरदाणीनं, आणि 2 वर्षांचा झाल्यावर सरकारी हत्तीरोग मोहिमेतल्या गोळ्यांनी.

ही भीती घालवणं मला फार गरजेचं वाटतं, कारण इथला मुख्य उपचार हातांनीच करायचा असतो. मावशींना वाकता येत नव्हतं. पाय रोज साध्या पाण्यानं आणि साबणानं, न घासता धुवायचा, प्रत्येक बोटाच्या फटीत हात घालून. मग मऊ कापडानं टिपून फटी अगदी कोरड्या करायच्या. चिखल्यांना डॉक्टरांनी दिलेलं मलम. बसताना पाय उंच, घोटा वरखाली हलवत राहायचा. भेगांतून आत शिरणारे जिवाणू तापाचा झटका आणतात आणि प्रत्येक झटका पाय आणखी वाढवतो.

आशाताईंनी टबात पाणी घेऊन सगळं करून दाखवलं. मी मुलालाही बोलावून बसवलं. आईचा पाय धुणं सुनेच्याच वाट्याला का यावं? तो आधी अवघडला, पण शिकला.

"पाय पयल्यासारखा होईल का?" मावशींनी विचारलं. तसं खोटं आश्वासन मी देत नाही. झटके मात्र खूप कमी होतात आणि सूज आटोक्यात राहते. दाबपट्टीनं ती उतरूही शकते, पण पट्टी प्रशिक्षित माणसाकडूनच शिकायची. आधी डॉक्टरांनी हृदय आणि पायाचा रक्तपुरवठा तपासायला हवा. अंगात ताप असताना तर पट्टी नकोच. पायाला डाग देणं किंवा पाला बांधणं मी स्पष्ट मना करते. त्यातून नवीन जखमा होतात.

पुढच्या रोवणीत मावशींना पुन्हा एकदा ताप आला. आधी त्या घरातच कण्हत पडून राहायच्या. या वेळी मुलानं त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, औषध सुरू झालं. ताप उतरल्यावर डॉक्टरांनी जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी दिली. पट्टी बांधायला शिकायला सूनही सोबत गेली.