मे महिन्यात अलास्काची क्रूझ करावी का, की जुलै-ऑगस्टपर्यंत थांबावं?

तुम्ही लिहिलंय की सिएटलहून सुटणारी मेच्या पहिल्या आठवड्यातली अलास्काची क्रूझ स्वस्तात मिळतेय, आई-बाबा सत्तरीला आलेत, त्यांना न्यावं की जुलै-ऑगस्टची वाट बघावी. आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की मेमध्ये तिथे नुसती थंडी असते, दिसत काहीच नाही.

न्या. थांबू नका.

हे ‘दिसत काहीच नाही’ आम्ही दोन वर्षं ऐकलंय, म्हणून एवढं ठासून लिहितेय. माझे थोरले दीर ऑगस्टमध्ये ग्रुप टूरबरोबर अलास्काला जाऊन आले होते. नदीत सामन मासे पकडणाऱ्या अस्वलांचे फोटो त्यांनी घरातल्या प्रत्येकाला दाखवले. तेव्हापासून आम्ही मेचं नाव काढलं की भाऊजी म्हणायचे, “मे म्हणजे सीझनच नव्हे. ढग बघून परत याल.” ह्यांना मोठ्या भावाचा शब्द मोडवत नाही. पहिल्या वर्षी आम्ही थांबलो. ऑगस्टमध्ये मुलाला रजा मिळेना, शिवाय घरचा गणपती तोंडावर. राहिलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. आणि त्या डिसेंबरात ह्यांच्या छातीत दुखायला लागलं, दोन स्टेंट घालावे लागले.

मी एकतीस वर्षं कोल्हापूरजवळच्या एका हायस्कूलमध्ये भूगोल शिकवला. नववीला हिमनदीचं कार्य शिकवताना फळ्यावर निळ्या खडूने हिमनदी काढायची, कडेने तपकिरी खडूने हिमोढ म्हणजे तिने वाहून आणलेले दगडगोटे, वर हिमगव्हर म्हणजे ती उगम पावते तो खोलगट भाग, बाजूला लोंबती दरी. दरवर्षी एखादं पोर विचारायचंच, “बाई, तुम्ही बघितलीय का?” मी नाही म्हणायची. निवृत्त झाले त्या दिवशीही उत्तर तेच होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं आणि मी मुलाला फोन करून सांगितलं, मेच्या मध्यावर मिळेल ती बोट बुक कर. ह्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. भाऊजींना निघायच्या आदल्या रात्री.

आता एंडिकॉट आर्मची सकाळ. आमची बोट आधी अलास्कातल्या केचिकन बंदराला थांबली, मग दुसऱ्या दिवशी पहाटे एंडिकॉट आर्म नावाच्या फियॉर्डमध्ये शिरली. हिमनदीने कोरलेली दरी, तिच्यात नंतर समुद्र शिरलेला, दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे. पन्नासेक किलोमीटर आत गेलं की टोकाला डॉस ग्लेशियर, म्हणजे हिमनदी, थेट पाण्यात उतरते. पावणेसहाला आम्ही दोघं डेकवर होतो. उजाडून तास उलटला होता. अंगात थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर रेनकोट, डोक्याला कानटोपी. हे म्हणाले, महाबळेश्वरला डिसेंबरात पहाटे असतं त्याच्यापेक्षा थोडं जास्तच आहे, पण वारा बोचतो.

पाण्याचा रंग आधी लक्षात आला. समुद्र निळा हवा, हा हिरवट आणि गढूळ, पातळ ताकात हिरवा रंग कालवल्यासारखा. मी ह्यांना सांगितलं, हे खडकाचं पीठ आहे. हिमनदी सरकताना तळाचा खडक जात्यासारखा दळते, ते पीठ पाण्यात तरंगत राहतं. मग तुकडे यायला लागले. आधी पाटाएवढे, मग टेबलाएवढे, मग एसटीएवढा एक आला आणि तो निळा होता. दाबून घट्ट झालेल्या बर्फातून लाल रंग शोषला जातो आणि निळा तेवढा बाहेर येतो, हे मी शेकडो वेळा शिकवलं होतं. तो निळा खडूच्या निळ्यासारखा नव्हता, एवढंच सांगू शकते.

बोटीचा वेग इतका कमी झाला की तुकडे खालून लोखंडावर आपटल्याचा आवाज यायला लागला. आणि त्या आवाजाच्या मध्ये दुसरा एक बारीक आवाज, फोडणीत मोहरी तडतडते तसा. कोंडलेल्या हवेचे बुडबुडे बर्फ वितळताना फुटतात, त्याचा. हे कुठल्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं, तिथल्या निसर्गमार्गदर्शक बाईंनी सांगितलं.

साडेसातच्या सुमाराला कप्तानाची घोषणा झाली. पुढे बर्फ फार दाट आहे, बोट इथूनच वळवतोय. हिमनदी अजून एका वळणापलीकडे होती. डेकवरून एकदम नाराजीचा सूर उठला आणि दहा मिनिटांत निम्मी माणसं नाश्त्याला गेली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. फळ्यावर काढलेली ती, एका वळणापलीकडे.

हे म्हणाले, आत नको जाऊया, बोट वळतेय तोवर बघू. बोट जागच्या जागी हळूहळू फिरत होती. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्कर कॅनेडियन बाईंनी हाताने खूण केली आणि स्वतःची दुर्बीण माझ्या हातात दिली. दूर एका पसरट तुकड्यावर राखाडी गाठोडं दिसत होतं. सील होती, आणि तिच्या पोटाशी पिल्लू. मेच्या मध्यापासून जूनपर्यंत या फियॉर्डमधल्या सील बर्फावर पिल्लं घालतात, कारण सीलची शिकार करणारे ऑर्का देवमासे तिथवर सहसा येत नाहीत. बोटींनी त्यांच्यापासून लांब राहायचं असतं, नाहीतर आई घाबरून पाण्यात उतरते आणि पिल्लू एकटं पडतं. पिल्लाने तोंड वर केलं आणि पुन्हा आईच्या पोटात खुपसलं. मी दुर्बीण ह्यांना दिली. बराच वेळ ती परत आली नाही. स्टेंट पडल्यापासून हा माणूस आपणहून हसला नव्हता.

आणि समोरच्या कड्यावर लोंबती दरी. मुख्य हिमनदीने खोल दरी कोरायची, बाजूच्या छोट्या हिमनदीने उथळ, आणि बर्फ गेला की छोटी दरी कड्यावर अधांतरी राहायची. तिच्यातून पाणी धबधब्यासारखं खाली. मेमध्ये डोंगरांवरचा हिवाळ्याचा बर्फ नुकता वितळायला लागलेला असतो, त्यामुळे असे धबधबे मी मोजले ते सतरा.

त्याच दुपारी जुनो. अलास्काची राजधानी, पण तिथे गाडीरस्त्याने जाताच येत नाही, विमान नाहीतर बोट. बंदरापासून सुमारे वीस किलोमीटरवर मेंडेनहॉल ग्लेशियर आहे, बस जाते. तलावाकाठी उभी राहिले आणि पलीकडे ती होती. तपकिरी हिमोढाच्या रेघा अंगावर घेऊन, तलावात अजून बर्फाच्या लाद्या तरंगत होत्या. संध्याकाळी नऊपर्यंत उजेड, म्हणून तिथून परत येऊन माउंट रॉबर्ट्स डोंगराच्या ट्रॅमनेही, म्हणजे तारेवरच्या पाळण्याने, वर गेलो. बंदरावरूनच सुटते आणि साधारण साडेपाचशे मीटरवर नेऊन सोडते, चढायचं काही नाही. वर बर्फ होता. दारातून चार पावलांवर, गुडघाभर. ह्यांनी हातमोजा काढून मूठभर उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मऊ नव्हता, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा दाणेदार. ऑगस्टमध्ये त्या जागी गवत आणि फुलं असतात.

पुढे त्या वर्षीच्या गणपतीत सगळं घर जमलं होतं. आरतीनंतर मी प्रसाद वाटत होते आणि भाऊजी चारचौघांत म्हणाले, “एवढे पैसे घातलेत आणि ग्लेशियर न बघताच परत आलात की.” मी काही बोलले नाही. हे बोलतील असं वाटलं होतं, तेही बोलले नाहीत.

म्हणून आता लिहिते. पाऊस म्हणाल, तर अलास्काच्या त्या किनारपट्टीवर एप्रिल, मे, जून हे त्यातल्या त्यात कोरडे महिने. ऑगस्टपासून पाऊस वाढत जातो, सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात ओले. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. आपल्या गगनबावड्याला याहून जास्त पडतो, पण चार महिन्यांत. तिथे बारा महिने. म्हणजे ढग बघायचे असतील तर ऑगस्ट चांगला. आमच्या सात दिवसांत दीड दिवस पाऊस होता. प्रत्येक वर्षी तसंच होईल असं नाही, पण ‘मेमध्ये ढग’ हे साफ चूक.

बर्फ म्हणाल, तर तो मेमध्येच. स्कॅग्वे बंदराहून व्हाइट पास खिंडीला जाणारी छोटी रेल्वे आहे, सोन्याच्या शोधात लोटलेल्या गर्दीच्या काळात, १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली, आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा थोडी रुंद. समुद्रसपाटीवरून निघून बत्तीस किलोमीटरमध्ये सुमारे ८७० मीटर चढते. खाली कोवळी पालवी आणि वर रुळांच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, माथ्यावरची तळी गोठलेली. आई-बाबांना जाताना डाव्या बाजूला बसवा, दरी तिकडे आहे.

अस्वलं मात्र भाऊजींचं खरं. सामन नद्यांत चढतात ते मुख्यतः जुलैपासून, त्यामुळे मासे पकडणारं अस्वल बघायचं असेल तर मे चालणार नाही. मेमध्ये ती किनाऱ्यावर कोवळं गवत खाताना दिसतात, तेही दुरून आणि नशिबात असेल तर. आम्हाला एक दिसलं. हंपबॅक देवमासे हिवाळा हवाईजवळ काढून एप्रिल-मेमध्ये परतायला लागतात, भुकेले असतात, आम्हाला तीन शेपट्या दिसल्या. उन्हाळ्यात जास्त दिसतात, हे कबूल.

तुमच्या थंडीच्या प्रश्नाचं उत्तर: दिवसा दहा ते चौदा अंश, रात्री तीन-चार. त्यात न सोसण्यासारखं काही नाही. बोटीच्या आत तर साध्या कपड्यांत फिरता येतं. जाड एकच जॅकेट नेण्यापेक्षा थर न्या, आणि वरचा थर पाऊस अडवणारा हवा. आपल्या शाळांना मेमध्ये सुट्टी आणि अमेरिकेतल्या शाळा तेव्हा चालू, म्हणून त्यांची गर्दी नाही आणि भाडं उतरलेलं. तुम्हाला स्वस्त मिळतंय ते यामुळे, माल खराब आहे म्हणून नव्हे.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, आता सांगते. मेच्या पहिल्या आठवड्यात बर्फामुळे हिमनदीपर्यंत न पोहोचण्याची शक्यता आमच्याहूनही जास्त धरा. डोळ्यांसमोर ग्लेशियर कोसळताना बघायचाच असेल तर ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये जाणारी बोट निवडा, आणि एकाच ठिकाणावर सगळी आशा ठेवू नका. अलास्काच्या आतल्या भागातलं डेनाली नॅशनल पार्क जोडायचं असेल तर मेची सुरुवात नको, पार्कच्या बस २० मेच्या सुमाराला सुरू होतात. नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्रीच्या आकाशातला तो रंगीत उजेड, कुणी कबूल केले असतील तर विसरा, रात्री पुरेशा काळोख्या नसतात, जुलैतही नसतात.

सिएटलहून सुटणाऱ्या बोटी व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात, तिथे बोट हलते. बाबांना बोट लागत असेल तर व्हँकुव्हरहून सुटणारी बघा, ती आतल्या शांत पाण्यातून जाते. आणि सिएटलचीच घेतलीत तरी कॅनडाचा व्हिसा लागतो. परदेशी झेंड्याच्या बोटीने मध्ये एका परदेशी बंदराला लागलंच पाहिजे असा अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे, म्हणून बहुतेक बोटी परतताना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. आमच्या बोटीवर एक गुजराती जोडपं होतं, त्यांच्या सोबतच्या आजींना याच कारणाने सिएटलच्या धक्क्यावर चढू दिलं नाही. नुसत्या अमेरिकेच्या व्हिसावर विसंबू नका, आजच अर्ज करा.

बाल्कनीची खोली घेऊ नका, त्यातून एकच बाजू दिसते. बाबांना फार वेळ उभं राहवत नसेल तर मात्र घ्या. आईंचा हृदयाचा, गुडघ्याचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा आणि विम्यात आधीचे आजार धरलेत का तेही बघा. शाकाहारी जेवण आदल्या रात्री सांगून ठेवलं की करून देतात, तरी मेतकूट आणि दाण्याची चटणी असू द्या.

आणि दुर्बिणी दोन घ्या, आईला एक, बाबांना एक. एकीत दोघांचं भागत नाही. आमच्यासाठी त्या कॅनेडियन बाई व्हिक्टोरियापर्यंत रोज सकाळी स्वतःची दुर्बीण घेऊन आमच्या शेजारी येऊन उभ्या राहायच्या.