मुहूर्तासाठी ठेव मोडू नका

सोलापूरहून एका वाचकांनी विचारलंय: ते अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर आहेत. २४ वर्षांच्या मुलीच्या नडगीवर आणि मनगटावर पांढरे डाग आहेत. खासगी दवाखान्याने त्वचारोपणाचे १,४०,००० रुपये सांगितलेत. वैशाखात लग्न करायचं मनात आहे. दोन लाखांची ठेव मोडू, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवू, की आता विमा काढू?

दादा, तुमच्या पत्रातली कामाची ओळ शेवटी आहे. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला कोपरावर नवा ठिपका दिसला, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी डॉक्टर नाही, पण निदान वर्षभर नवा डाग नाही, जुना वाढलेला नाही, असं दिसल्यावरच साधारणपणे ही शस्त्रक्रिया करतात. आजार चालू असताना मांडीची कातडी काढून डागावर लावली, तर ती टिकत नाही आणि मांडीवरही पांढरा डाग उठू शकतो. शिवाय रंग भरायला काही महिने लागतात, त्यामुळे वैशाख तसाही गाठता येणार नाही.

आता हिशोब. ठेव ३ वर्षांची, २८ महिने झालेत. मोडलीत आणि व्याज १ टक्का कापलं गेलं, तर ४,६०० रुपयांच्या आसपास जातील. पाटल्यांवर तुम्ही लिहिलेलं १२ टक्के व्याज म्हणजे महिन्याला १,४०० रुपये. दोन्ही नकोत. नवा ठिपका जानेवारीतला, म्हणजे वर्ष पुढच्या जानेवारीत भरेल. ठेव ऑक्टोबरातच हातात येते. डॉक्टर त्याआधी हो म्हणाले, तर ठेवीवरच कर्ज काढा. व्याज ठेवीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त असतं आणि ठेव चालू राहते.

आत्ता विमा काढून त्यातून खर्च भागवायचा विचार सोडा. आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि डाग लपवून पॉलिसी घेतलीत तर पुढे खरं आजारपण आल्यावर ती लपवाछपवीच आडवी येईल. त्यात अशी शस्त्रक्रिया ‘सौंदर्यासाठी’ म्हणून नाकारली जाण्याचीही शक्यता असते.

काहीही ठरवण्याआधी सिव्हिलच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढून दुसरं मत घ्या. दवाखान्याला विचारा, १,४०,००० मध्ये एकच बैठक धरलीय का, आणि नंतरची प्रकाशकिरणांची ट्रीटमेंट वेगळी का? बोटांच्या टोकांवर रंग कमी भरतो म्हणतात. मनगटाचं काय, तेही विचारा.

आणखी एक, तुमच्या सबंध पत्रात मुलीचं मत कुठेच नाही. तिला विचारा. तोवर दर महिन्याच्या एक तारखेला डागाशेजारी रुपयाचं नाणं ठेवून त्याच उजेडात फोटो काढून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतील.