शिक्षणाचं धोरण मुंबईतच ठरतं, मग कोल्हापूरच्या साध्या पालकाला त्यात काही बोलता येतं का?

हो, येतं. शिक्षण हक्क कायदा 2009 मधलं कलम 21 वाचा. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. सरकारी शाळेचा विकास आराखडाही याच समितीनं करायचा असतो. विनाअनुदानित खासगी शाळांना मात्र ही समिती लागू नाही.

अडचण कुठे आहे, तर बैठका सकाळी अकराला ठेवतात. करवीर-पन्हाळ्याकडच्या आया तेव्हा उसाच्या रानात भांगलणीला असतात. इतिवृत्त घरी येतं, सही होते, संपलं. म्हणून पहिली मागणी एवढीच करा: बैठक संध्याकाळी घ्या आणि इतिवृत्त सहीआधी मोठ्यानं वाचून दाखवा. ‘मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही’ हे वाक्य एकदा इतिवृत्तात आलं की पाठपुरावा करता येतो. नुसतं तोंडी बोललेलं विरून जातं.

राज्य पातळीवरही आवाज पोचतो. पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय लोकांच्या विरोधामुळेच जून 2025 मध्ये मागे घेतले गेले. अभ्यासक्रम आराखड्यांच्या मसुद्यांवर हरकती-सूचना मागवतात, तेव्हा मुद्देसूद लिहून पाठवा.

शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तो राजाचा हुकूम होता. आज तो अधिकार कायद्यानं आपल्याकडे आहे, तर पुढच्या बैठकीला जाच. शेजारणीलाही सोबत न्या, दोघी असल्या की बोलायला धीर येतो.