बाहेरून बसवलेल्या कार अलार्मच्या रिमोटने पॉवर विंडोच्या काचा बंद करता येतील का?

जुनी गाडी, कंपनीच्या पॉवर विंडो, अलार्म मात्र बाहेरून बसवलेला. रिमोटने लॉक केलं की उघड्या राहिलेल्या काचा वर जाव्यात, त्यासाठी अलार्मची लॉकची वायर विंडोच्या स्विचला जोडली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

थेट जोडू नका. पण काम होण्यासारखं आहे. मी पुण्यात गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो, आणि पहिल्या पावसात सीट भिजली की हीच मागणी घेऊन लोक येतात.

अलार्मच्या जादा आउटपुटमधून बहुतेक वेळा नुसता मायनस मिळतो, तोही २०० ते ५०० मिलिअँपिअरपर्यंतच. काचेची मोटर चालताना पाच-सात अँपिअर सहज ओढते, काच वर टेकून अडली की १५-२० वर जाते. त्यामुळे मध्ये रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, हवाच. शिवाय लॉकचा पल्स, म्हणजे लॉक करताना मिळणारा क्षणभराचा इशारा, सेकंदभरही टिकत नाही आणि काच पूर्ण चढायला चार-पाच सेकंद लागतात.

खरा घोळ होतो तो स्विचपाशी. बऱ्याच जुन्या गाड्यांत स्विच सोडलेला असताना मोटरच्या दोन्ही वायरी स्विचमधूनच अर्थला गेलेल्या असतात. 'वर' दाबलं की एकीचा अर्थ सुटून तिला १२ व्होल्ट मिळतात, दुसरी अर्थलाच राहते. 'खाली' दाबलं की उलट. अशा 'वर'च्या वायरीवर बाहेरून प्लस आणून नुसता चिकटवला, तर तो मोटर फिरवण्याऐवजी स्विचमधून सरळ अर्थला जातो. हा शॉर्टच झाला. फ्यूज असला तर उडेल, नसला तर वायर दाराच्या आत जळेल.

म्हणून ती वायर कापावीच लागते. पाच पिनांचा १२ व्होल्टचा रिले घ्या. मोटरकडचं टोक ३० नंबरला, स्विचकडचं ८७ए ला. ८७ ला बॅटरीजवळ २० अँपिअरचा फ्यूज टाकून आणलेला प्लस. ८५-८६ या रिले ओढणाऱ्या कॉइलच्या पिना, त्यांपैकी एकीला प्लस, दुसरीला अलार्मचा मायनस. रिले बंद असताना ३० आणि ८७ए आतून जोडलेलेच असतात, म्हणून दारातला स्विच पूर्वीसारखाच चालतो. कॉइल बंद होतानाचा झटका अलार्मला लागू नये म्हणून तिच्यावर १एन४००७ डायोड, पट्टी प्लसच्या बाजूला. रिले आणि डायोड तपकीर गल्लीत मिळतील.

एक कॉइल साधारण दीडशे मिलिअँपिअर घेते. चार रिले एकाच आउटपुटवर लटकवले तर ६०० होतात आणि अलार्मचा ट्रान्झिस्टर जातो. मी तर पुढच्या दोनच काचा करा म्हणेन, मागच्या सहसा उघड्या राहत नाहीत. आउटपुट २०० चाच असेल तर आधी एक छोटा रिले आणि त्याने हे दोन चालवा.

वायर कापण्याआधी मीटर लावा. चावी बंद ठेवून दोन्ही वायरी बॉडीशी शून्य ओहम दाखवत असतील आणि चावी चालू करून 'वर' दाबल्यावर एकीवर १२ व्होल्ट येत असतील, तरच वरची जोडणी. वायरीवर आधीच ५ किंवा १२ व्होल्ट असून दाबल्यावर शून्य होत असतील, तर स्विच फक्त मॉड्यूलला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला, मायनसचा इशारा देतोय. तिथे रिले लागत नाही, डायोडमधून अलार्मचा मायनस पुरतो, पण चावी काढल्यावर असे काही मॉड्यूल झोपतात, ते तपासा. दाबल्यावर मधलाच कुठलातरी व्होल्टेज दिसला तर हात लावू नका, त्या गाडीसाठी बनवलेलं मॉड्यूलच घ्या.

आणि ही जोडणी लॉकच्या पल्सवर अजिबात करू नका. रिमोटवरच्या वेगळ्या बटणाला करा, दाबून ठेवेपर्यंतच मायनस देणाऱ्या. बटण सोडलं की काच थांबते, आणि तुम्ही गाडीकडे बघत उभे असता. आपोआप चढणारी काच कशात अडकली तर दाब १०० न्यूटनच्या, म्हणजे साधारण दहा किलोच्या, वर जाण्याआधी तिने उलट फिरावं, असं संयुक्त राष्ट्रांचा वाहन नियम क्रमांक २१ सांगतो. आपल्या रिलेला यातलं काहीच कळत नाही. बाजारातली बरीच स्वस्त 'विंडो क्लोजर' मॉड्यूल करंट वाढला की मोटर बंद करतात, पण काच खाली आणत नाहीत, मग मुलाचा हात तिथेच दाबलेला राहतो. मॉड्यूलच घेणार असाल तर दुकानात आधी हेच विचारा, आणि बसवल्यावर गुंडाळलेलं वर्तमानपत्र काचेत धरून बघा.