प्री-सीझन स्पर्धेतला काऊंटी टीमचा फॉर्म कितपत खरा धरायचा?

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय की ते नुकतेच उत्तर आयर्लंडमध्ये डेरीला राहायला आलेत, गेलिक फुटबॉल त्यांना नवीन आहे आणि ऑफिसात दोन गट पडलेत. एक गट म्हणतो जानेवारीतल्या प्री-सीझन मॅकेना कपात टीम कशी खेळते त्यावरून पुढचं वर्ष कळतं, दुसरा म्हणतो त्या कपाला काडीची किंमत नाही, तर यातलं खरं काय.

मी डेरीत नऊ वर्षं आहे (रत्नागिरीत आईला अजूनही वाटतं की मी कुठल्यातरी दूध डेअरीत कामाला आहे) आणि माझं उत्तर असं की स्कोअरबोर्डला किंमत नाही पण टीमशीटला, म्हणजे कोण खेळतंय त्या यादीला, आहे. हे काही मी अभ्यास करून नाही सांगत, स्वतः फसलोय म्हणून सांगतोय. फसण्याचा हिशोब खाली येईलच.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत. पंधरा-पंधरा जणांची टीम, बॉल हाताने पण चालतो पायाने पण चालतो, जाळ्यात मारला तर गोल म्हणजे तीन पॉइंट, आडव्या दांडीच्या वरून गेला तर साधारणपणे एक. त्यामुळे स्कोअर १-११ असा लिहितात, म्हणजे एक गोल आणि अकरा पॉइंट, एकूण १४. सगळे खेळाडू आधी आपल्या गावच्या क्लबचे, त्यातले निवडक काऊंटीच्या म्हणजे जिल्ह्याच्या टीमचे, आणि सगळे हौशी, म्हणजे खेळण्याचा पगार नाही, डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजार लोकांसमोर खेळणारा माणूस एरवी शाळेत गणित शिकवत असतो. वर्षाचं गणित असं की जानेवारीत दोन-तीन आठवडे प्री-सीझन, जानेवारीच्या शेवटी लीग सुरू, मार्चअखेर लीगची फायनल, एप्रिलपासून प्रांताची चॅम्पियनशिप आणि जुलैच्या शेवटी ऑल-आयर्लंड फायनल, जिच्या कपाला सॅम मॅग्वायर म्हणतात, लोक नुसतं सॅम. प्री-सीझनच्या चार प्रांतांच्या चार स्पर्धा, आपल्या अल्स्टर प्रांताची म्हणजे डॉ. मॅकेना कप. हे डॉक्टर म्हणजे औषधवाले नव्हेत, क्लॉहरचे बिशप होते.

आता जानेवारीतली मॅच प्रत्यक्षात कशी असते ते सांगतो कारण उत्तर तिथेच आहे. डंगिव्हनजवळ ओवेनबेगला डेरीचं ट्रेनिंग सेंटर आहे, मी पहिल्यांदा तिथे मॅकेना कपाची मॅच बघायला गेलो ती बुधवारची रात्र होती, दिव्यांच्या उजेडात पाऊस तिरका पडताना दिसत होता, बूट चिखलात रुतत होते, आणि माझ्या शेजारी एक आजोबा, टोपी कानापर्यंत ओढलेली, हातात मॅचचं छापील पत्रक आणि एक बोटभर पेन्सिल. लाऊडस्पीकरवर अनाऊन्समेंट सुरू झाली, अमुक नंबरच्या जागी अमुक, तमुकच्या जागी तमुक, आणि आजोबा एकेक नाव खोडतायत. पंधरातली सात नावं खोडली! मी म्हटलं हे काय, तर म्हणाले मॅच झाली माझी बघून, आता फुटबॉल बघू. तेव्हा मला वाटलं म्हातारबुवा चेष्टा करतायत. नंतर कळलं की तेच सगळ्यात शहाणे होते, कारण कोण नाहीये आणि का नाहीये हे कळलं की अर्धं काम झालं. कोणी जखमी, कोणी आपल्या क्लबकडून अजून खेळतोय, कोणी कॉलेजच्या टीममध्ये, कोणाला मॅनेजरने मुद्दाम आराम दिलाय. एके काळी तर कॉलेजच्या टीमा स्वतः या स्पर्धेत असायच्या, त्यामुळे एखादा पोरगा कॉलेजचा जर्सी घालून आपल्याच काऊंटीविरुद्ध उभा राहायचा, आता त्या निकालावरून काय फॉर्म काढणार सांगा.

आणि जे खेळतात त्यांचे पाय पण जड असतात, कारण जानेवारीत पळणं आणि जिमचा मारा चालू असतो, मॅच ही ट्रेनिंगचाच भाग धरतात. त्यात मैदान असं की बॉल टप्पा घेतच नाही. मुंबईत पावसाळ्यात कांगा लीग खेळलेल्यांना हे सांगायला नको, तिथे केलेल्या पन्नास रनांना मान आहे पण त्यावरून रणजीची टीम निवडायला घेतली तर कसं होईल.

आता २०२४. हे वर्ष तुमच्या ऑफिसातले दोन्ही गट आपापल्या बाजूने वापरत असणार, म्हणून नीट सांगतो.

डेरीने सॅम आयुष्यात एकदाच जिंकलाय, १९९३ साली. २०२३ ला टीम खरंच चांगली होती, मॅकेना कप घेतला, सलग दुसऱ्यांदा अल्स्टरची चॅम्पियनशिप घेतली, आणि ऑल-आयर्लंड सेमीफायनलला केरीकडून १-१७ विरुद्ध १-१५ असे दोन पॉइंटांनी हरले. मग त्या शरद ऋतूत मॅनेजर म्हणून कोण आला तर मिकी हार्ट, ज्याने शेजारच्या टिरोनला २००३, २००५ आणि २००८ असे तीन सॅम मिळवून दिले तो. टिरोन आणि डेरीचं सख्य म्हणजे भाऊबंदकीच, बांधावरून भांडणारे, त्यामुळे हा माणूस इकडे येणं म्हणजे गावात आठवडाभर दुसरा विषय नाही. आणि जानेवारीत टीमने मॅकेना कप जिंकला, फायनलला डोनेगॉलला हरवून.

पण खरी नशा त्या जिंकण्याची नव्हती. नशा होती कोणाशिवाय जिंकले त्याची. इथे माहरा म्हणून गाव आहे (पहिल्यांदा बोर्डावर स्पेलिंग वाचलं तेव्हा मला सरळ माहेर दिसलं होतं), तिथला ग्लेन क्लब त्याच दिवसांत ऑल-आयर्लंड क्लब फायनलच्या तयारीत होता, २१ जानेवारीला क्रोक पार्कला सेंट ब्रिजिड्सला हरवून जिंकले पण. म्हणजे मिडफिल्डचा कणा कॉनर ग्लास, ईथन डोहर्टी वगैरे ग्लेनची मंडळी काऊंटीकडे नव्हतीच. मग आमचं सगळ्यांचं गणित सुरू, यांच्याशिवाय कप आणला, हे आल्यावर काय होईल! मी पण त्याच गणितात. मॅकेना फायनलच्या रात्री बायको झोपल्यावर मी डब्लिनमध्ये जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारची खोली बुक केली, क्रोक पार्कपासून चालत पंधरा मिनिटं, २६० युरो, कॅन्सल केली तर पैसे परत नाहीत. कोकणातला माणूस मी, जानेवारीत मोहोर बघून मे महिन्याच्या पेट्यांचे पैसे कोणी मोजत नाही हे लहानपणापासून बघितलंय, एक तुडतुड्यांचा हल्ला नाहीतर एक अवकाळी पाऊस आणि संपलं, तरी केलं.

वर आणखी पुढे जाऊन ३१ मार्चला डेरीने डिव्हिजन एकची लीग फायनल डब्लिनविरुद्ध पेनल्टीवर जिंकली. आता तर मोहोर जाऊन कैऱ्या दिसायला लागल्या होत्या.

मग २० एप्रिल. सेल्टिक पार्क, आमचं घरचं मैदान, अल्स्टरची पहिलीच मॅच, समोर कोण तर तेच डोनेगॉल, जानेवारीत हरवलेलं. निकाल डोनेगॉल ४-११, डेरी ०-१७. आमचे पॉइंट जास्त पण गोल एक नाही, त्यांचे चार, हिशोब करा, २३ विरुद्ध १७. झालं काय तर आमचा गोलकीपर ऑरन लिंच पुढे चढून खेळायचा, समोरच्याच्या किकआऊटवर (कीपर बॉल परत खेळात आणायला मारतो ती किक) दबाव टाकायला सगळी टीम वर जायची, तीच तर डेरीची ताकद होती. आणि डोनेगॉलचा कीपर शॉन पॅटन, जो आधी सॉकरमध्ये गोलकीपर होता, त्याची किक बंदुकीच्या गोळीसारखी लांब जाते. त्याने बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा, तिथे डोनेगॉलची पोरं सुटलेली आणि आमचं गोलपोस्ट रिकामं. पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही नशिबाला शिव्या घातल्या, परत परत झालं तेव्हा स्टँड गप्प. डोनेगॉलचा मॅनेजर जिम मॅकगिनेस, त्याने अख्खा हिवाळा याच एका मॅचची तयारी केली असं इथे आजही लोक म्हणतात. मला काय म्हणायचंय ते इथे आहे, की जानेवारीत हुकमाचा पत्ता कोण दाखवतं? आम्ही मॅकेना फायनल जिंकलो तेव्हा आपण काय करतो ते समोरच्याला उलट अजून एकदा नीट बघायला दिलं.

त्यानंतर गॉलवेकडून हरलो, घरी आरमाकडून हरलो, कसंबसं वेस्टमीथला आणि मग पेनल्टीवर मेयोला हरवून क्वार्टर फायनलपर्यंत लंगडत गेलो आणि केरीने ०-१५ विरुद्ध ०-१० असं घरी पाठवलं. हार्ट पण त्याच उन्हाळ्यात गेला.

यावरून तुमच्या ऑफिसातला दुसरा गट म्हणेल की बघा, आम्ही सांगतच होतो. थांबा. टिरोनचं बघितलं तर त्यांचं म्हणणं अजून पक्कं वाटेल, २०१२ ते २०१७ सलग सहा मॅकेना कप टिरोनने घेतले, सहाच्या सहा, आणि त्या सहा वर्षांत सॅम एकही नाही. आणि सॅम आला कधी तर २०२१ ला, ज्या वर्षी कोविडमुळे मॅकेना कप झालाच नव्हता! त्याच वर्षी जूनमध्ये लीगमध्ये केरीने टिरोनला ६-१५ विरुद्ध १-१४ असं धुतलं होतं, सोळा पॉइंटांनी, आणि ऑगस्टमध्ये त्याच केरीला टिरोनने सेमीफायनलला जादा वेळेत एका पॉइंटाने काढलं. तिकडे लेन्स्टर प्रांतात २०१९ चा ओबर्न कप, म्हणजे त्यांचा मॅकेना कप, वेस्टमीथने फायनलला डब्लिनला हरवून जिंकला आणि सप्टेंबरमध्ये डब्लिन सलग पाचव्यांदा सॅम घेऊन बसलं होतं. वेस्टमीथने हरवलेली ती डब्लिनची टीम म्हणजे मुख्य टीम नव्हतीच, दुसरी फळी होती.

पण म्हणून काडीची किंमत नाही हे मला पटत नाही. २०१९ च्या उदाहरणात पण कळण्यासारखं होतंच की डब्लिनकडे दुसऱ्या फळीतच फायनलपर्यंत जाणारी पोरं आहेत. जानेवारीत दोन-तीनच गोष्टी खऱ्या दिसतात. एक म्हणजे नवीन पोरगा, एकोणीस-वीस वर्षांचा, त्याला मोठ्या माणसाचा धक्का बसल्यावर तो बॉल सोडतो का धरून ठेवतो, हे चिखलात पण दिसतं, उलट चिखलातच दिसतं. दुसरं म्हणजे मॅनेजर कोणाला कुठे उभं करतोय, कॉर्नर बॅकला (गोलजवळचा बचावपटू) हाफ बॅक (त्याच्या पुढच्या ओळीतला) केला की समजायचं काहीतरी शिजतंय. आणि किकआऊट. आपल्या कीपरची किकआऊट आपल्याच माणसाकडे किती वेळा जाते हे मी आता बोटांवर मोजतो, २०२४ नंतर लागलेली सवय. गोल किती झाले, कितीने जिंकलो, हे मी बघतच नाही असं म्हणणार नाही, बघतो, पण घरी येईपर्यंत विसरायचा प्रयत्न करतो.

अजून एक, २०२५ च्या जानेवारीत या स्पर्धा घेतल्याच नाहीत, कॅलेंडर भरगच्च झालंय आणि पोरांवर ताण येतो म्हणून, टीमा आपापसात चॅलेंज मॅचेस खेळल्या. आणि त्याच वर्षी लीगपासून नवे नियम आले, गोलपासून चाळीस मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून मारलं तर दोन पॉइंट, किकआऊट त्या कमानीच्या पुढे जायलाच पाहिजे, मैदानाच्या प्रत्येक अर्ध्यात तीन-तीन माणसं ठेवायलाच पाहिजेत. म्हणजे २०२५ च्या आधीचा कुठलाही फॉर्म कोणी तुम्हाला पुरावा म्हणून दाखवत असेल तर तो खेळच आता थोडा वेगळा आहे हे त्याला सांगा. डेरी त्या २०२५ च्या लीगमध्ये डिव्हिजन एकमधून खाली घसरलं, मॅकेना कप न खेळता.

तुम्ही ओवेनबेगला मॅच बघायला जाणार असाल तर दोन जोड मोजे आणि थर्मास न्या, आणि सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी पोचा म्हणजे नावं खोडायला मिळतील. पेन्सिल न्या, पावसात पेन चालत नाही.

राहिली ती डब्लिनची खोली. ती शेवटी माझ्या टीममधल्या आरमाच्या माणसाला दिली, कारण २८ जुलैला फायनलला आरमा होतं, मार्चमध्ये डिव्हिजन दोनची फायनल आणि मे महिन्यात अल्स्टरची फायनल दोन्ही डोनेगॉलकडून हरलेलं आरमा. गॉलवेला १-११ विरुद्ध ०-१३ असं एका पॉइंटाने हरवून २००२ नंतर पहिल्यांदा सॅम घेऊन गेले. पठ्ठ्याने मला २६० च्या २६० युरो दिले, वर रात्री दोन वाजता त्या खोलीतून केशरी झेंडा अंगावर घेऊन फोटो पाठवला. सोमवारी तो ऑफिसला आला नाही, मंगळवारी आला तेव्हा मी विचारलं की जानेवारीत मॅकेना कपात तुमची टीम कशी खेळली होती रे, तर म्हणाला, मी एकही मॅच बघितली नव्हती.