एक्सपेरिमेंटल जेटसेट सगळीकडे हेल्वेटिकाच वापरतात, हा आळस नाही का?

तुम्ही विचारलंय की अ‍ॅमस्टरडॅमचा हा ग्राफिक डिझायनर्सचा गट वर्षानुवर्षं हेल्वेटिका या एकाच फॉन्टवर काम भागवतो, मग त्यात डिझाइन ते काय? मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते आणि यांचं काम बरीच वर्षं बघत आले आहे. आळशी माणसाला हे जमायचंच नाही, असं माझं ठाम मत आहे.

मारिके स्टोल्क, एर्विन ब्रिंकर्स आणि डॅनी फान डेन डुंगेन या तिघांनी १९९७ मध्ये हा स्टुडिओ सुरू केला. त्याआधी १९६३ मध्ये डच ग्राफिक डिझायनर विम क्रोवेल आणि मंडळींनी टोटल डिझाइन नावाचा स्टुडिओ काढला होता. टपाल तिकिटं, टेलिफोन डिरेक्टरी, संग्रहालयांची पोस्टरं, सगळीकडे क्रोवेल यांची ती शिस्तशीर, बिनसजावटीची अक्षरं. हे तिघं त्यातच लहानाचे मोठे झाले. त्यामुळे बाहेरच्याला कोरडी वाटणारी ही शैली त्यांना मायबोलीसारखी आहे.

आता त्यांचा २००१ चा तो टी-शर्ट नीट बघा. एका जपानी ब्रँडसाठी केलेला. बीटल्सची चार नावं, एकाखाली एक: जॉन, पॉल, रिंगो, जॉर्ज. पहिल्या तिन्ही नावांना चिकटून '&', शेवटी पूर्णविराम. चित्र नाही, गिटार नाही. एरवी आपण जॉर्जचं नाव रिंगोच्या आधी घेतो. इथे ते शेवटी आहे, म्हणून ओळी खाली रुंदावत जातात आणि ठोकळा पायावर भक्कम उभा राहतो. जगभर याच्या इतक्या नकला झाल्या की मूळ कुणाचं हेच लोक विसरले.

न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयासाठी २०१३ मध्ये त्यांनी केलेलं 'डब्ल्यू' हे बोधचिन्ह तर नुसती एक बारीक नागमोडी रेघ आहे. पानावर जागा असेल तशी ती पसरते किंवा आकसते. मजकूर मात्र हेल्वेटिकाच्याच घराण्यातल्या नॉय हास ग्रोटेस्कमध्ये.

मी एकदा तो टी-शर्ट देवनागरीत करून पाहिला. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई. ओळी तितक्याच घट्ट ठेवल्या, तर 'वृ'चा ऋकार खालच्या शिरोरेषेत घुसला आणि 'सो'ची मात्रा 'ज्ञा'च्या पायाला जाऊन भिडली. ओळी सैल केल्या, तर हजेरीपट दिसायला लागला. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. फॉन्ट कुठला हा प्रश्न केव्हाच मागे पडला होता; सगळा जीव ओळींमधल्या त्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये अडकला होता.

तुमच्याकडे लेआउटचं कुठलंही सॉफ्टवेअर असेल, तर आधी ती इंग्रजी चार नावं टाइप करा आणि मूळ टी-शर्टशेजारी ठेवून जुळवायला बसा. '&' नावाला किती चिकटवायचा, इथपासूनच हात अडखळेल.